आश्रुबाची बेस मॉडेल

गॅरेजमध्ये दोन गोष्टी कधी फेकून देत नाहीत. एक जुने नटबोल्ट आणि दुसरे किस्से. 'असू द्या, कधीतरी कामाला येतील' म्हणत डब्यात टाकत जायचं, आणि एक दिवस बघावं तर झाकणच लागत नाही!

पाटोद्याच्या बाहेर रोडला लागून माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, जे येईल ते खोलतो आणि खोललेलं परत जोडतोसुद्धा, हे विशेष! शेजारच्या शेडात सलीमभाई वेल्डर. मला जे खुलत नाही ते तो कापतो, असा आमचा धंदा चाललाय. तर माझ्या डब्यातले अर्धे किस्से एकट्या आश्रुबाच्या गाडीचे आहेत.

आश्रुबा खडकमाळचा. डोंगरावरची बारा घरांची वस्ती. घरटी दोन-तीन म्हशी आहेत, पण खाली यायला रस्ता नाही. तीन किलोमीटरची वाट, मध्ये एक ओढा, आणि ओढ्यापासून वर सुट्या दगडांची चढण. तिला सगळे 'रडकी' म्हणतात, कारण तिथं बैलसुद्धा खाली बसतो. पावसाळ्यात ओढा भरला की दूध वरच नासायचं. दूध नासलं की दसऱ्यानंतर बाराच्या बारा घरांना कुलूप, आणि माणसं ऊसतोडीला. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

आश्रुबानं दहा वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवला आणि मग ठरवलं, रडकी चढणारी स्वतःची गाडी घ्यायची. सकाळी आठच्या आत दूध खाली संकलन केंद्रावर पोचवायचं. गाडी बघायला मला घेऊन बीडला गेला.

*

शोरूममधला पोरगा टाय लावून तयारच होता. "साहेब, टॉप मॉडेल बघा. टच स्क्रीन आहे, मागचा कॅमेरा आहे..."

"मागं बघायला मला मान हाय."

"एसी आहे, साहेब."

"म्या डोंगरावर राहतो."

पोरगा थकला. म्हणाला, "मग तुम्हाला हवंय तरी काय?" आश्रुबानं खिशातला मोबाईल माझ्या हातात दिला आणि लग्नकार्याचा पांढरा शर्ट अंगात असताना तसाच चकचकीत फरशीवर आडवा होऊन सगळ्यात स्वस्त पिकअपखाली सरकला!

मॅनेजरला वाटलं, माणसाला चक्कर आली. तो पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. गाडीखालून दोन पाय बाहेर आणि आतून आवाज, "बाळूभाऊ, चारी चाकांना ताकद जाती बरं का! वरून कसली बी असू द्या, खालून सोनं हाय. हीच घ्यायची!"

ती बेस मॉडेल होती. काचा हातानं फिरवायच्या, सीट रेग्झिनचं, आणि रेडिओच्या जागी नुसतं चौकोनी भोक. मॅनेजरनं खजील होऊन सांगितलं, "यात रेडिओ येत नाही." आश्रुबानं त्या भोकात हात घालून माप घेतलं आणि म्हणाला, "कंपनीवाले लई इचारी हायेत. तंबाखूच्या डबीला जागा सोडली!"

*

गाडी डोंगराच्या पायथ्याला आणली. पूजेला आश्रुबाची आई, सोजरबाई, वरून ताट घेऊन उतरल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. साठीला टेकल्यात, अंगात काडीइतकं मांस नाही, आणि हयातभर ऊस तोडलाय. बाई बोलते कमी, पण बोलली की समोरचा गप होतो.

चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग मावशींनी पदर खोचला आणि गाडी तपासायला घेतली. अगदी बाजारात बैल तपासावा तशी! चाकाला थाप मारली, दिव्यात डोकावल्या, वाकून खाली बघितलं. बंपर उचकटून दात तेवढे बघायचे राहिले होते.

"आश्रुबा," त्या म्हणाल्या, "पोट जमिनीला लागतंय हिचं. गाभण म्हशीला कुणी रडकीवर घालतं का?"

सगळे हसले. मी नाही हसलो, कारण म्हातारीनं अचूक दोष काढला होता. रडकीवरचे दगड गुडघ्याएवढे, आणि गाडीच्या पोटाखाली जागा वीतभर.

मावशींचं बोलणं संपलं नव्हतं. "खंडेनवमीला तोडीच्या मुकादमाला जबाब द्यायचाय. मिरगापासून तवर एक दिवस बी दूध चुकलं, तर म्या कोयता घेणार. माझ्यामागं समदी वस्ती येती, ठावं हाय तुला. चुकलं न्हाई, तर बघू." एवढं बोलून त्या ताट घेऊन डोंगर चढायला लागल्यासुद्धा.

आश्रुबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघतो काय बे? घाल गाडी गॅरेजला. मिरगाच्या आत हिला डोंगरी करून देतो, न्हाईतर बाळू नाव लावणार न्हाई!"

*

पहिलं काम गाडी उचलायचं. पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांना, ठोकळे घातले, मोठ्या नक्षीचे टायर चढवले आणि गाडी चांगली तीन इंच वर आली. मी गॅरेजात छाती काढून हिंडत होतो.

मग सलीमभाईला सांगितलं, "पोटाखाली प्लेट मार. इंजिनला दगड लागला नाही पाहिजे. मजबूत मार!"

सलीमभाईला मजबूत म्हणणं म्हणजे वेड्याला दारू पाजल्यासारखी गत. त्यानं साखर कारखान्याच्या भंगारातून अशी प्लेट आणली की ती शेडापर्यंत न्यायला चार माणसं लागली. दोन दिवस वेल्डिंग चाललं. काम एकदम देखणं. तोफ मारली तरी इंजिनला धक्का नाही.

जॅक खाली सोडला. गाडी बसली. बसली, आणि बसतच गेली! मी पट्टी लावून मापलं. तीन इंच उचललेली गाडी प्लेटच्या वजनानं अडीच इंच खाली आली होती.

"सलीमभाई, हे काय केलं?"

"तूच बोला ना, मजबूत मार!" सलीमभाई शांतपणे बिडी पेटवत म्हणाला. "अब पत्थरसे डर नहीं. पत्थरकोच डर है."

ती प्लेट आता गॅरेजच्या दारातल्या गटारावर आहे. तिच्यावरून भरलेला ट्रक जातो, हालत नाही. गाडीला मग पातळ पत्र्याची दुसरी प्लेट मारली.

*

मिरगाला आठ दिवस असताना दुधाची पहिली चाचणी घेतली. मागच्या हौद्यात कॅन ठेवायला लोखंडी फळी केली होती, आणि फळीला कॅन धरून ठेवायच्या कड्या. मी स्वतः आश्रुबाशेजारी बसलो. रडकी उतरलो, ओढा ओलांडला, कुठं घासलं नाही, कुठं अडकलं नाही. मी तर आश्रुबाला म्हणालोसुद्धा, "याला म्हणतात काम!"

केंद्रावर कॅनचं झाकण उघडलं. केंद्रावरच्या माणसानं आत बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, मग परत आत. दुधावर लोण्याचे गोळे तरंगत होते!

माल वाहायच्या गाडीचे पाटे लई कडक असतात. त्यात कॅन अर्धेच भरलेले. तीन किलोमीटरमध्ये आम्ही चांगलं रवी लावून घुसळलं होतं.

मावशींना दाखवायला तो कॅन तसाच वर नेला. त्यांनी बोटावर लोणी घेतलं, चाटलं आणि म्हणाल्या, "गाडी झ्याक हाय रं बाळू. फकस्त दुधाची न्हाई, ताकाची हाय."

मी गॅरेजात येऊन पाट्याचं एकेक पान काढलं. कॅन काठोकाठ भरायचा नियम केला. दुसऱ्या चाचणीला दूध दुधासारखं उतरलं. तरी मावशींनी एक खोट काढलीच, "फळीची एक कडी ढिली हाय. रोज वाजंल." म्हटलं, मावशी, कडीचं बघू नंतर. ती कडी आश्विनापर्यंत वाजत राहिली.

*

ओढ्यात पाणी चढलं तर इंजिनला श्वास घ्यायला नळी वर पाहिजे. शहरातले शौकीन ती बाहेरून मागवतात. आम्ही ठिबकवाल्या दुकानातून जाड पाईप आणला, गरम करून वाकवला आणि टपाच्या वरपर्यंत नेला. तोंड पुढच्या बाजूला. दिसायला ऐटबाज!

पाटोद्याच्या बाजारात लोक विचारायचे, "यातनं धूर निघतो का?" आश्रुबा सांगायचा, "न्हाई, हवा आत जाती." लोक मान डोलवायचे. कुणाला पटायचं नाही.

जून सरता सरता आश्रुबाचा फोन आला, "बाळूभाऊ, गाडीला दम लागतोय. रडकीवर जीव टाकती." मी गेलो, बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरचा डबा खोलला. आत तीन लग्नपत्रिका! त्यातली एक तर हळद लावलेली.

झालं होतं असं, की खडकमाळला जाणारी ही एकच गाडी. खालच्या लोकांना वाटलं, वरच्या वस्तीच्या टपालासाठी हे तोंड ठेवलंय. ज्यानं-त्यानं पत्रिका आत सोडली आणि निर्धास्त घरी गेला.

हळदीची पत्रिका आश्रुबाच्या सख्ख्या मामाच्या घरची होती. लग्न आदल्या दिवशी लागून गेलेलं! मामानं फोनवर आश्रुबाला असा झाडला की विचारू नका. "तुझ्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकली म्या! तुला न्हाई मिळाली, मग खाल्ली का गाडीनं?"

"खाल्ली मामा," आश्रुबा म्हणाला, "पर गिळता आली न्हाई."

सलीमभाईनं पाईपच्या तोंडाला जाळी मारली आणि गाडीच्या दाराला पत्र्याची पेटी बसवून दिली. आता खडकमाळचं टपाल तिच्यातच पडतं.

*

सुट्या दगडावर चढताना टायरमधली हवा कमी करावी लागते. मऊ टायर दगडाला धरून चढतो, टणक टायर घसरतो. हे मी आश्रुबाला शिकवलं. अडचण एकच होती, की हे बाकी कुणाला शिकवलं नव्हतं.

संकलन केंद्रासमोर तुकाराम नावाचा ट्रॅक्टरवाला राहतो. सोन्यासारखा माणूस. त्याच्याकडं हवेचा कॉम्प्रेसर आहे. आश्रुबा आत दूध मोजून देईपर्यंत तुकाराम बाहेर येणार, बसकी चाकं बघून हळहळणार आणि चारी चाकं टणाटण भरून ठेवणार. पैसे नाहीत, बोलणं नाही. नुसती माया! आश्रुबानं दोनदा समजावलं. तुकाराम म्हणाला, "लाजू नको रं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला नाही बघायचं तर कुणी?"

श्रावणात एका दिवशी धो धो पाऊस. त्या गडबडीत आश्रुबानं चाकं न बघताच गाडी काढली. रडकीच्या मध्यावर चाकं फिरायला लागली, गाडी आडवी झाली आणि घसरत घसरत कडेच्या एका खडकाला टेकून थांबली. खडकापलीकडं नुसती दरी.

गाडी त्या दिवशी वर गेली नसती तर दुसऱ्या दिवशीचं दूध वरच राहिलं असतं, आणि आईचा शब्द आश्रुबाला पाठ होता.  पावसात उकिडवा बसून त्यानं बाभळीच्या काट्यानं वॉल्व्ह दाबून चारी चाकांची हवा सोडली. मग पहिल्या गियरमध्ये इंच इंच करत गाडी वर नेली. घरी गेल्यावर आईला एक अक्षर सांगितलं नाही. मला तीन दिवसांनी सांगितलं.

तुकारामला रागावणार कसं? शेवटी आश्रुबानं पेंटरकडून गाडीच्या मागं पिवळ्या अक्षरात लिहून घेतलं:

'हवा मुद्दाम कमी आहे. कृपया माया करू नये.'

*

खडकमाळच्या रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालेलं. रस्ता एकदाही झाला नाही. भाद्रपदात तिसऱ्या भूमिपूजनाला आमच्या भागातले एक पुढारी आले. सकाळचा मुहूर्त होता. पांढरी भलीमोठी गाडी, मागं दोन गाड्या कार्यकर्त्यांच्या. ड्रायव्हरनं ओढ्यात गाडी घातली आणि ती निम्म्यात रुतली. चाकं फिरतायत, चिखल उडतोय, साहेब आत काच वर करून बसलेले.

त्याच वेळी वरून आम्ही आलो. ब्रेकचा आवाज ऐकायला मी त्या दिवशी सोबत होतो. मागं काठोकाठ कॅन, कडी वाजतेय, घड्याळात साडेसात होऊन गेलेले.

कार्यकर्ते दोर घेऊन धावले, "आलास बाबा! लाव, ओढ!"

आश्रुबा खाली उतरला, लांबूनच हात जोडले. "नमस्कार साहेब. केंद्र आठला बंद होतंय. दूध घालतो अन् लगीच येतो."

साहेबांनी काच खाली केली. "अरे, मी हितं पाण्यात बसलोय, आन् तू दूध घालायला चाललास?"

"साहेब, तुमी नासत न्हाई," आश्रुबा म्हणाला. "दूध नासतं."

मला वाटलं, मेलो! पण आश्रुबानं शांतपणे फोर व्हील लावली, वरच्या अंगानं गाडी पाण्यात घातली आणि साहेबांच्या गाडीशेजारून आम्ही पलीकडं. आठला चार मिनिटं कमी असताना दूध मोजलं गेलं.

परत आलो तोवर कार्यकर्त्यांनी भूमिपूजनाचे नारळ फोडून खाल्ले होते. आम्ही आश्रुबाच्या गाडीला वायररोप बांधून साहेबांची गाडी बाहेर काढली. साहेब माणूस म्हणून बरे. बूट झटकत म्हणाले, "पोरा, तुझा रस्ता मी करून देतो."

"सावकाश करा, साहेब," आश्रुबा म्हणाला. "तवर तुमची गाडी बाळूभाऊकडं टाका. तीन इंच उचलून देतेत!"

*

आता खंडेनवमीचं सांगतो.

त्या दिवशी आमच्याकडं कामाला सुट्टी. पाने, हातोड्या, जॅक, सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडायची आणि पूजा करायची. सलीमभाईचं वेल्डिंग मशीनही दरवर्षी माझ्या हत्यारांच्या पंगतीला असतं. मशीनला हार तोच घालतो, झेंडूची फुलंही तोच आणतो.

मिरगापासून त्या दिवसापर्यंत खडकमाळचं दूध एकही दिवस चुकलं नव्हतं. तरी आश्रुबाच्या जिवाला चैन नव्हती. दोन दिवसांपूर्वी मुकादम वस्तीवर येऊन गेलेला, आणि मावशींनी त्याला ना हो म्हटलं होतं ना नाही. "नवमीला सांगते," एवढंच म्हणाल्या होत्या.

सकाळी दूध घालून आश्रुबा गाडी पूजेला घेऊन आला. शेजारी मावशी बसलेल्या. बेस मॉडेलमधनं त्या पहिल्यांदाच डोंगर उतरल्या होत्या. मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. आम्हाला वाटलं, निवद असेल.

मावशी उतरल्या, हत्यारांना हात जोडले आणि फडकं सोडलं. आत कोयता होता. त्यांचा तोडणीचा. मूठ हातानं गुळगुळीत झालेली. दरवर्षी जायच्या आधी त्या माझ्याच ग्राइंडरवर त्याला धार लावून न्यायच्या. मला तो कोयता चांगलाच ओळखीचा.

आश्रुबाचा चेहरा उतरला. हातातला नारळ त्यानं तसाच धरून ठेवला. "आई, एक दिवस बी चुकलं न्हाई गं," तो म्हणाला. "मग कोयता कावून?"

मावशींनी त्याच्याकडं बघितलंच नाही. मलाही खरं सांगतो, लई वाईट वाटलं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मावशी, आज ग्राइंडर बंद असतो. उद्या या धार लावायला."

"तुला कुणी इचारलं?" मावशी म्हणाल्या आणि सरळ सलीमभाईपुढं जाऊन कोयता धरला. "सलीम, ह्याची धार मोड. समदी मोड. अन् वाकवून त्या फळीला कडी करून लाव. ती एक ढिली हाय, मिरगापासनं डोकं खातीय माझं."

 सलीमभाईनं दोन्ही हातांनी कोयता घेतला. मग वेल्डिंगची काळी काच उचलली आणि तोंडावर धरली.

मी म्हटलं, "सलीमभाई, मशीनला अजून हार आहे. काच कशाला?"

"मालूम है रे," सलीमभाई काचेमागून म्हणाला.